‘नवे’ कधीपर्यंत नवे?

मे २०१९ मध्ये ‘व्हिम’ या टेक्स्ट एडिटरच्या मदत-पानांतून एक छोटासा शेरा शेकडो ठिकाणांहून एका फटक्यात काढून टाकण्यात आला. ‘व्हीआयमध्ये नाही’ एवढाच तो शेरा. त्या दिवशी व्हिममध्ये कोणतीही नवी सोय आली नाही, की वापरणाऱ्याला जाणवेल असा काही फरक पडला नाही. ८.१.१२८० असा क्रमांक असलेल्या त्या बदलाच्या नोंदीत कारण सरळ दिले होते: या शेऱ्यांमुळे मदत-पानांत गर्दी झाली आहे. बातमी व्हावी असे यात काही नव्हते आणि ती झालीही नाही. पण लिहून ठेवलेले ज्ञान जुने कसे होते आणि ते स्वच्छ कसे ठेवायचे, याचा इतका नेटका नमुना विज्ञानाच्या क्षेत्रातही सहज सापडत नाही.

टेक्स्ट एडिटर म्हणजे साधा मजकूर लिहिण्याचा आणि दुरुस्त करण्याचा प्रोग्राम. त्यात वर्डसारखी अक्षरांची सजावट नसते. मात्र हवामानाच्या अंदाजाचा प्रोग्राम असो, जनुकीय माहितीचे विश्लेषण असो की बँकेचा सर्व्हर, त्यामागचा माणूस रोज कित्येक तास असल्याच एखाद्या एडिटरसमोर बसलेला असतो. यातले ‘व्हिम’ आणि ‘इमॅक्स’ हे दोघे सर्वात जुने आणि आजही जोमात असलेले. व्हिमचा पूर्वज ‘व्हीआय’. तो बिल जॉय यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत लिहिला. डच प्रोग्रामर ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी व्हिम प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या नावाचा अर्थच ‘व्हीआयची नक्कल’ असा होता. पुढे नक्कल असलपेक्षा सरस झाली आणि त्याच आद्याक्षरांचा अर्थ ‘सुधारित व्हीआय’ असा लावला गेला.

नव्वदच्या दशकात त्या शेऱ्याला पूर्ण अर्थ होता. विद्यापीठातल्या युनिक्स यंत्रावर व्हीआय आणि घरच्या संगणकावर व्हिम, अशा दोन्ही घरी पाहुणचार घेणाऱ्या माणसाला कोणती आज्ञा कुठे चालणार नाही हे पदोपदी कळणे गरजेचे होते. तो वाचक हळूहळू निवृत्त झाला, शेरा मात्र कामावर राहिला. बरे, नुसता राहिला असता तरी चालले असते. आज अनेक लिनक्स यंत्रणांवर ‘व्हीआय’ असे टाइप केले की प्रत्यक्षात व्हिमच उघडतो. म्हणजे नवखा विद्यार्थी ‘व्हीआय’ लिहून आत शिरतो, एखाद्या सोयीची माहिती शोधतो आणि शेजारी वाचतो, ‘व्हीआयमध्ये नाही’. तो काय समजणार? ही सोय आपल्याकडे नाही, असेच. एकेकाळी अचूक असलेले वाक्य एक अक्षरही न बदलता दिशाभूल करणारे झाले.

मॅन्युअलमधील आवृत्तीचा उल्लेख हा एका विशिष्ट वाचकाला उद्देशून लिहिलेला निरोप असतो. ‘पाचव्या आवृत्तीपासून ही सोय उपलब्ध’ हे वाक्य चौथी आवृत्ती वापरणाऱ्यासाठी आहे. चौथी वापरणारा कोणी उरलाच नाही, तर तो निरोप पत्ता बदललेल्या घराच्या दारात पडून राहतो आणि नव्या भाडेकरूच्या पायात येतो. अशा पत्रांचे काय करायचे, हा इथे प्रश्न आहे.

वरवर पाहता यात नुकसान ते काय, असे वाटेल. दोन-चार शब्द जास्त वाचावे लागले, एवढेच ना? संशोधन वेगळे सांगते. आणि योगायोग असा की त्यातले एक महत्त्वाचे संशोधन मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामच्या मॅन्युअलवरच झालेले आहे. १९८०च्या दशकात आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांचे सहकारी वर्ड प्रोसेसर शिकणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे निरीक्षण करत होते. माणसे मॅन्युअल पहिल्या पानापासून ओळीने वाचत नाहीत, असे त्यांना दिसले. हातातले काम पुढे रेटण्याची त्यांना घाई असते. ती मध्येच उघडतात, एखादे वाक्य उचलतात, करून पाहतात, अडकतात. कॅरोल यांनी मग कात्री चालवून एक ‘किमान मॅन्युअल’ तयार केले. त्यातून शिकणाऱ्यांना नेहमीच्या जाडजूड मॅन्युअलवरून शिकणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी वेळ लागला. साधारण त्याच सुमारास, १९८८ मध्ये, ऑस्ट्रेलियातील शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी आकलनाच्या भाराचा सिद्धांत मांडला. आपली तात्पुरती स्मृती फार तोकडी असते. विषयाच्या अवघडपणाने तिचा काही भाग व्यापला जातो आणि मांडणीतल्या अनावश्यक गोष्टींनी उरलेला. हा दुसरा भार लेखकाला कमी करता येतो. जुन्या आवृत्तीचा उल्लेख हा या दुसऱ्या भाराचा शुद्ध नमुना आहे. तो वाचकाला आडवळणाला नेतो: माझी आवृत्ती कोणती? ती कुठे पाहायची? हे मला लागू आहे का? उत्तर ‘लागू आहे’ असेच निघणार असते, पण तोवर मूळ आज्ञा डोक्यातून निघून गेलेली असते.

शिवाय हा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. जुन्याजाणत्याची नजर असल्या ओळींवरून घसरत जाते. नवखा मात्र प्रत्येक शब्द प्रमाण मानतो. आणि मॅन्युअलची देखभाल नेमकी जुन्याजाणत्यांकडे असते! घरातली कुरकुरणारी पायरी घरच्यांना ऐकू येत नाही, तसेच हे. म्हणून अशी साफसफाई सुचवणारा बहुधा बाहेरून आलेला असतो, आणि ‘एवढे काय अडले होते?’ हा त्याला मिळणारा पहिला प्रतिसाद असतो.

आवृत्तीच्या आकड्यावरून काळाचा अंदाजही येत नाही. ‘इमॅक्स १९’ हे वाचून ही गोष्ट १९९०च्या दशकातली आहे, हे नवख्याला कसे कळावे? इमॅक्सच्या आकड्यांचा इतिहास तर मौजेचा आहे. सुरुवातीच्या आवृत्त्या १.१२ पर्यंत गेल्या. पुढचा ‘एक’ कधी बदलणारच नाही असे वाटल्याने तो टाकून दिला आणि १९८५ मध्ये थेट तेरावी आवृत्ती आली. गणिती मजकुराची छपाई करणाऱ्या ‘टेक’ या प्रोग्रामची आवृत्ती पायच्या किमतीच्या दिशेने एकेक दशांश पुढे सरकते. असले आकडे वाक्यात पेरून वाचकाने त्यातून काळ-वेळ ओळखावी, ही अपेक्षा जास्तच झाली.

मग दिसेल तो आकडा खोडावा का? नाही. इथेच हे काम यंत्रवत करता येत नाही.

इमॅक्सचे उदाहरण घेऊ. त्याचे मॅन्युअल प्रोग्रामसोबतच येते. तिसाव्या आवृत्तीतले मॅन्युअल उघडणाऱ्याकडे तिसावी आवृत्ती असणारच. त्यामुळे ‘चोविसाव्या आवृत्तीपासून’ हे शब्द त्याच्या दृष्टीने निव्वळ भरताड. पण तेच मॅन्युअल इंटरनेटवरही असते, आणि तिथे शोधून येणाऱ्याच्या यंत्रावर कोणती आवृत्ती असेल ते सांगता येत नाही. उबंटू या लोकप्रिय लिनक्सच्या २०२० सालच्या दीर्घकालीन आवृत्तीत इमॅक्स २६.३ होता, २०२२ सालच्या आवृत्तीत २७.१. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकदा बसवलेली यंत्रणा तीच ठेवून वर्षानुवर्षे वापरली जाते, हे कोणालाही ठाऊक आहे. मॅन्युअल ताजे आणि प्रोग्राम शिळा, अशी ही जोडी.

आणि २६ ते २७ या एका पायरीवर खरोखरच एक गोष्ट बदलली होती. इमॅक्समध्ये बाहेरून जोडलेल्या पॅकेजेसना कामाला लावण्यासाठी वापरणाऱ्याच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये ‘पॅकेज-इनिशियलाइझ’ ही ओळ असावी लागे. २५ व्या आवृत्तीत तर इमॅक्स स्वतःच ती ओळ तुमच्या फाइलमध्ये घालून देत असे. २७ व्या आवृत्तीपासून पॅकेजेस त्या फाइलच्या आधीच तयार होऊ लागली आणि ती ओळ अनावश्यक ठरली. इतकी, की ती ठेवली तर इमॅक्स इशारा देऊ लागला. आता मॅन्युअलमधून ‘२६ किंवा त्याआधीच्या आवृत्तीत’ हे शब्द खोडले आणि ‘ही ओळ लिहा’ ही सूचना तशीच राहिली, तर आजच्या वापरकर्त्याच्या हाती चुकीची सूचना पडेल. सूचनाही खोडली, तर जुन्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याची पॅकेजेस का चालत नाहीत, हे सांगणारे कोणी उरणार नाही. दोन्हींपैकी काय करायचे हे २६ वी आवृत्ती अजून किती ठिकाणी जिवंत आहे त्यावर ठरते, वाक्य किती जुनाट दिसते त्यावर नव्हे.

म्हणजे सगळे उल्लेख एका माळेचे मणी नाहीत. ‘अमुक आवृत्तीत नवे’ असे मिरवणारे वाक्य बिनदिक्कत जावे. मिरवणूक संपली आहे. ‘अमुक आवृत्तीपासून वागणूक बदलली’ हे वाक्य मात्र इशारा असू शकते, कारण माणसाकडे प्रोग्राम नवा असला तरी त्याच्या फाइली आणि सवयी जुन्या असतात. आणि काही आकडे आवृत्तीचे दिसत असूनही मुळात वेगळेच असतात. इमॅक्सचा परवाना ‘जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स, आवृत्ती ३ किंवा त्यानंतरची’ असा आहे. शोधा-आणि-बदला या आज्ञेच्या भरवशावर ‘आवृत्ती ३’ जुनी म्हणून उडवली, तर ती साफसफाई कायदेशीर भानगड होऊन बसेल.

याउलट, ज्यात आकडाच नाही असे उल्लेख शोधूनही सापडत नाहीत. ‘नवीन’, ‘आता’, ‘सध्या’, ‘अलीकडे’, ‘लवकरच’ हे शब्द म्हणजे लपलेले आवृत्ती-उल्लेखच. फक्त त्यांच्यावर तारीख नाही. गूगलच्या तांत्रिक लेखनाच्या नियमावलीत हे शब्द शक्यतो टाळावेत, असे स्पष्ट सांगितलेले आहे. ‘नवे’ हे विशेषण एकदा चिकटले की निघत नाही, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. मुठेवरचा ‘नवा पूल’ शंभरी ओलांडूनही नवाच आहे आणि न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना १८८० मधली. विशेषनामात ते गोड वाटते. पण मॅन्युअलमधली ‘नवी पद्धत’ तीन आवृत्त्यांपूर्वीच बाद झालेली असली, तर ती शिकणाऱ्याचा दिवस खाते.

आरोग्याच्या माहितीत हाच शब्द अधिक महाग पडतो. जलसंजीवनीचे उदाहरण पाहा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ मध्ये ओआरएसचे सूत्र बदलले. लिटरमागे सोडियमचे प्रमाण ९० मिलिमोलवरून ७५ वर आणि ग्लुकोज २० ग्रॅमवरून १३.५ ग्रॅमवर आणण्यात आले. एकूण तीव्रता ३११ वरून २४५ मिलिऑस्मोल झाली. कमी तीव्रतेच्या या द्रावणाने मुलांच्या उलट्या आणि जुलाबाचे प्रमाण कमी होते, सलाइन लावण्याची वेळही कमी वेळा येते. या बदलाला दोन दशके उलटून गेली. आता एखाद्या पुस्तकात ‘ओआरएसच्या नव्या सूत्रानुसार’ असे लिहून पुढे प्रमाण दिलेले असेल, तर वाचकाने काय समजावे? पुस्तक २००२ च्या आधीचे असेल तर ते ‘नवे’ सूत्र म्हणजे नेमके जुने. हृदयक्रिया बंद पडल्यावरच्या प्रथमोपचाराचेही तसेच. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये क्रम बदलून आधी छातीवर दाब, मग श्वासमार्ग आणि मग श्वास असा केला. त्याआधी श्वासमार्ग पहिला होता. भिंतीवरच्या तक्त्यावर ‘सुधारित क्रम’ असे ठळक लिहिले असून वर्ष नसेल, तर तो कोणत्या सुधारणेनंतरचा हे कळायला मार्ग नाही. इथे आवृत्ती लिहिणे हाच इलाज आहे. मॅन्युअलमधून ती काढणे हा इलाज आहे. दोन्हींत विसंगती नाही. सुटा कागद एकटा फिरतो, म्हणून त्याच्यावर तारीख हवी. मॅन्युअलच्या मुखपृष्ठावर आवृत्ती असतेच. ती पुन्हा प्रत्येक वाक्यात नको.

पुसून टाकण्याला एक सच्चा आक्षेप असतो, तो इतिहासाचा. कोणती गोष्ट कधी आली हे ठाऊक असणे काहींच्या पोटापाण्याचे असते. इमॅक्ससाठी पॅकेज लिहिणाऱ्याला आपले काम किमान कोणत्या आवृत्तीवर चालेल हे जाहीर करावे लागते. त्याने वापरलेली एखादी आज्ञा २८ व्या आवृत्तीत आली की २६ व्या, हे कळल्याशिवाय तो ते कसे करणार? पायथन या संगणकीय भाषेचे दस्तऐवज याच कारणाने ‘३.३ आवृत्तीत बदल’ असले शेरे अजून बाळगून आहेत, वास्तविक ३.३ चा आधार २०१७ मध्येच संपला. जँगो या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीची रीत उलट आहे. तिथे असे शेरे ठरावीक आवृत्त्यांनंतर काढून टाकणे हा प्रकाशनाच्या कामाचाच एक भाग असतो; कोणाला उत्साह आला म्हणून नव्हे, तर वेळ झाली म्हणून. आमच्या मते जँगोची रीत अधिक शहाणपणाची आहे. मात्र एका अटीवर: काढलेले कुठेतरी ठेवलेले असले पाहिजे.

व्हिमने २०१९ मध्ये हेच केले. शेरे फेकले नाहीत. व्हीआय आणि व्हिम यांच्यातले फरक सांगणारी एक स्वतंत्र फाइल आधीपासून होती, सारी माहिती तिथे हलवली. ज्याला तुलना हवी त्याला ती आता शेकडो पानांत विखुरलेली नाही तर एका जागी मिळते, म्हणजे जुन्या वाचकाचीही सोय वाढलीच. शिवाय प्रत्येक मोठ्या आवृत्तीत काय बदलले याच्या वेगळ्या फाइली व्हिमच्या मदतीत आहेतच. व्हिममधूनच फुटून २०१४ मध्ये निघालेल्या ‘निओव्हिम’नेही हाच कित्ता गिरवला: व्हिमपेक्षा आम्ही कुठे वेगळे, याचे एकच पान. एमएस-डॉससाठीचा व्हिम २०१६ मध्ये बंद झाला, पण मदतीतले त्याचे पान पुसले नाही. त्यावर आता दोन-चारच वाक्ये आहेत: इथे पूर्वी डॉसची माहिती होती, अमुक बदलानंतर ती सोय काढली, हवीच असेल तर त्याआधीची आवृत्ती शोधा. गेलेल्या माणसाच्या दारावर ‘इथे राहत नाहीत’ एवढी चिठ्ठी लावावी, तसे.

इमॅक्सने तर इतिहास कामाला लावला आहे. बदलांच्या नोंदींच्या त्याच्या फाइली पहिल्या आवृत्तीपासूनच्या आहेत. अलीकडच्या इमॅक्समध्ये एखाद्या फंक्शनची माहिती मागितली, तर प्रोग्राम या नोंदींतून शोधून ‘बहुधा अमुक आवृत्तीत किंवा त्याआधी आले’ असे स्वतःच सांगतो. त्यातला ‘बहुधा’ हा शब्द मला फार आवडतो. यंत्राने इतकी नम्रता क्वचितच दाखवलेली असते. हे साधले ते नोंदी एका जागी आणि एका घाटात ठेवल्यामुळे. मॅन्युअलच्या वाक्यावाक्यांत पेरलेल्या आकड्यांतून असे काही निघाले नसते. आणि विनोदबुद्धीही पाहा: इमॅक्सच्या मॅन्युअलमध्ये ‘अँटीन्यूज’ नावाचे परिशिष्ट असते. काळाच्या उलट दिशेने जगणाऱ्या वाचकांसाठी, ताज्या आवृत्तीवरून मागच्या आवृत्तीत गेल्यावर कोणकोणत्या सोयींपासून सुटका होईल याचे ते गंभीर चेहऱ्याने केलेले वर्णन. जुन्या आवृत्त्यांचा एवढा लळा असलेल्या मंडळींनीही त्यांच्यासाठी घराच्या मागे एक खोली बांधून दिली, बैठकीच्या खोलीत पसारा मांडला नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांना याची झळ थेट पोहोचते. इमॅक्समध्ये अनेक लिपी हाताळण्याची सोय १९९७ मध्ये, विसाव्या आवृत्तीत आली. तेव्हा प्रोग्रामच्या पोटात अक्षरे साठवण्याची त्याची स्वतःची वेगळी पद्धत होती. २००९ मध्ये २३ व्या आवृत्तीने ती सोडून युनिकोडचा पाया स्वीकारला. देवनागरीत खरी मेख असते ती जोडाक्षरांची आणि काना-मात्रा-वेलांट्यांच्या जागेची. त्यासाठी २०२० मध्ये २७ व्या आवृत्तीने ‘हार्फबझ’ हे अक्षरजुळणीचे यंत्र आपलेसे केले. तीन टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यासाठी त्या-त्या काळात लिहिलेल्या सूचना. आज एखादी विद्यार्थिनी आपला मराठी प्रबंध इमॅक्समध्ये लिहू पाहते आणि तिला मधल्या टप्प्याचा सल्ला सापडतो: अमुक जादा लायब्ररी घाला, तमुक फाँट निवडा. तो सल्ला कोणासाठी होता हे तिला कळत नाही. ती सारे निमूटपणे करते, काहीतरी बिघडते आणि मराठीसाठी हा एडिटर कामाचा नाही असा निष्कर्ष निघतो. ज्या भाषेत अशा विषयांवर मुळात चार पाने आहेत, तिथे त्यातले एक शिळे असणे म्हणजे पाव ज्ञान नासणे. इंग्रजीला हे परवडते, आपल्याला नाही.

हे काम करायचे कोणी? मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मॅन्युअल राखणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. नवी सोय लिहिणाऱ्याचे नाव होते; जुनी वाक्ये काढणाऱ्याच्या वाट्याला नावही येत नाही आणि आभारही नाहीत. त्यात २०२० च्या ऑक्टोबरमध्ये या कामाची अब्रूच गेली. मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावणाऱ्यांना टी-शर्ट देणारा ‘हॅक्टोबरफेस्ट’ हा उपक्रम दरवर्षी होत असे. त्या वर्षी फुकट टी-शर्टसाठी हजारो जणांनी माहितीच्या फाइलींत ‘हा प्रकल्प अप्रतिम आहे’ छापाचे निरर्थक शब्द घालून ते बदल म्हणून पाठवले. त्यात आपल्या देशातून आलेलेही पुष्कळ होते. प्रकल्प सांभाळणारे इतके वैतागले, की संमती दिलेल्या प्रकल्पांतले योगदानच धरायचे असा नियम आयोजकांना महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात करावा लागला. तेव्हापासून दस्तऐवजातली छोटी दुरुस्ती घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याकडे थोड्या संशयानेच पाहिले जाते. हे दुर्दैव, कारण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला याहून चांगले काम नाही. एक उल्लेख उचलावा, तो कोणत्या आवृत्तीचा, ती आवृत्ती कधी आली, आज कोणत्या यंत्रणांवर उरली आहे ते शोधावे, सांगितलेली सूचना स्वतः चालवून पाहावी आणि मग खोडावे, हलवावे की ठेवावे ते कारणासह लिहावे. एका ओळीच्या बदलामागे एक दिवस जाईल. पण प्रोग्रामचा इतिहास असा आतून कळण्याची दुसरी वाट नाही. महाविद्यालये प्रकल्पाच्या नावाखाली दरवर्षी त्याच त्या ग्रंथालय-व्यवस्थापनाच्या प्रणाली लिहून घेतात. त्याऐवजी अशा दहा तपासलेल्या दुरुस्त्यांना गुण दिले तर काय बिघडेल?

एका गोष्टीकडे मात्र साफसफाई करणाऱ्यांचे लक्ष हमखास जात नाही, आणि ती आपल्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची आहे. ‘जीएडिट’ किंवा ‘केट’ यांसारख्या एडिटरांची मदत-पाने आणि मेनू यांची भाषांतरे ‘गेटटेक्स्ट’ नावाच्या पद्धतीने होतात. तिच्यात मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याचे भाषांतर यांची जोडी असते. मूळ वाक्यातला एक शब्द जरी बदलला, तरी जुने भाषांतर ‘फझी’, म्हणजे संशयास्पद, ठरते; आणि कोणी तपासून मान्य करेपर्यंत ते वापरलेच जात नाही. त्या जागी इंग्रजी वाक्य दिसू लागते. म्हणजे ‘आवृत्ती ३ पासून’ हे शब्द एखाद्याने इंग्रजीतून चांगल्या हेतूने काढले, की अर्थात फरक न पडताही ते वाक्य मराठीसह सगळ्या भाषांतून एकाच वेळी गळते. जर्मन किंवा फ्रेंच गटात माणसे भरपूर. ती दोन दिवसांत भरून काढतात. मराठीत एखाद्या प्रकल्पाचे भाषांतर दोघे-तिघेच पाहत असतात, कधी कोणीच नसते. मग इंग्रजी मॅन्युअल स्वच्छ होते आणि मराठी मॅन्युअल भोके पडल्यासारखे दिसते.

यासाठी साफसफाई थांबवावी असे नाही. उलट कालबाह्य वाक्य काढल्याने भाषांतरकारांचे श्रमही वाचतात, कारण जे कोणालाच नको आहे त्याचे मराठी करत बसावे लागत नाही. प्रश्न वेळेचा आणि निरोपाचा आहे. जीनोमसारख्या प्रकल्पांत प्रकाशनाआधी काही आठवडे पडद्यावरची वाक्ये गोठवली जातात. त्यानंतर ती बदलायची तर भाषांतर-गटांची परवानगी लागते. आवृत्तींचे उल्लेख काढण्याचे काम त्या गोठवणीच्या बरेच आधी, एकदाच आणि एकत्र व्हावे. आणि जिथे फक्त उल्लेख गेला, अर्थ बदलला नाही, अशा वाक्यांची यादी भाषांतरकारांना वेगळी द्यावी. मराठी गटातल्या एका माणसाला अशी यादी एका संध्याकाळी निपटता येते. तीच वाक्ये इतर हजारांत मिसळून आली, तर वर्ष जाते.